बटेरची मोठी अंडी शोधत फिरताय? आधी या चुका टाळा

दर रविवारी एखादा तरी फोन येतोच. "दादा, 13-14 ग्रॅमची अंडी मिळतील का? पक्षी लवकर भरेल ना?" नाही भरणार. मोठ्या अंड्यातून मोठं पिल्लू निघतं हे खरं, पण ते पहिल्या काही दिवसांपुरतं. जपानी बटेरचं पिल्लू जन्मतः अंड्याच्या वजनाच्या साधारण 65 ते 70 टक्के भरतं, म्हणजे 11 ग्रॅमच्या अंड्यातून साडेसात ग्रॅमचं. पाचव्या आठवड्यात पक्षी विकायला काढेपर्यंत तो फरक बराचसा बुजतो. पुढची वाढ खाद्यावर आणि वाणावर.

हे शहाणपण मला जुलैने शिकवलं. भांडुपला घराच्या पोटमाळ्यावर माझं अंडी उबवायचं मशीन आहे. त्या पावसात हौसेने 13 ग्रॅमच्या वरची 60 अंडी निवडून लावली. व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून आत पाण्याच्या दोन वाट्या. भिंतींना पाणी सुटलेलं, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, आणि मी मशीनमध्ये पाणी ओततोय! 18व्या दिवसापर्यंत 17 पिल्लं निघाली. उरलेली अंडी फोडली तर आत पूर्ण वाढलेली पिल्लं, पिसं चिकट ओली आणि हवेची पोकळी इवलीशी. बिचारी चोच मारण्याआधीच गुदमरली होती.

उबवताना अंड्यातलं पाणी उडायलाच हवं, वजनाच्या 11 ते 13 टक्के. मोठ्या अंड्याला वजनाच्या मानाने कवच कमी, त्यामुळे त्याचं पाणी हळू उडतं. फार लहान अंड्याचं उलट, ते उन्हाळ्यात सुकतं. म्हणून मी 10 ते 12 ग्रॅमचीच घेतो, एका घाण्यात एकाच मापाची. पाच अंड्यांवर पेन्सिलीने नंबर टाकतो (ठिपक्यांमुळे दिसत नाही, फिकट जागा शोधावी लागते) आणि छोट्या डिजिटल काट्यावर तोलतो. 11 ग्रॅमचं अंडं 15व्या दिवशी 9.7च्या आसपास यायला हवं. जडच राहत असेल तर वाटी बाहेर. शेवटचे तीन दिवस मात्र दमटपणा वाढवायचा, नाहीतर आतला पापुद्रा सुकून पिल्लू अडकतं.

मादी नुकतीच अंड्यावर आली असेल तर तिची अंडी खा, लावू नका. आठवड्यापेक्षा जुनी नकोत. निमुळतं टोक खाली. पंख्याच्या मशीनला 37.5 अंश, थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर. 15व्या दिवशी अंडी फिरवणं बंद. त्यानंतर दार उघडून डोकावणाऱ्यांना मी काही सांगत नाही, ते ऐकत नाहीत.

दुसरी चूक ब्रूडरमधली, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या पेटीतली. 9 ग्रॅमच्या पिल्लांत 6 ग्रॅमचं सोडलं की दोन रात्रींत ते कोपऱ्यात चिरडलेलं सापडतं, आणि दोष जातो लहान अंड्याला. मी मध्ये पुठ्ठा लावतो. लहानांकडे बल्ब जरा खाली, पाण्याच्या भांड्यात काचेच्या गोट्या, नाहीतर बुडतात. आठवडाभराने पुठ्ठा काढतो. सुरुवातीचं खाद्य किमान 24 टक्के प्रथिनांचं. इथे चार पैसे वाचवणारेच पाच आठवड्यांनी फोन करून विचारतात, "दादा, अंडी लहान दिली होती का?"