राष्ट्रीय आकडेवारीतून रोजचे जगणे वाचताना या चुका टाळा

राष्ट्रीय सर्वेक्षणांचे अहवाल आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात आणि त्यांच्या आधारे ‘भारतीय माणूस कसा जगतो’ हे सांगणारे लेखही पुष्कळ लिहिले जातात. त्यांत आढळणाऱ्या चुका सहसा बेरीज-वजाबाकीच्या नसतात. आकडा नेमका कोणाविषयी आहे, हे न पाहिल्यामुळे त्या होतात.

1020 या आकड्याचेच घ्या. 2019-21च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर हजार पुरुषांमागे 1020 स्त्रिया आढळल्या आणि देशात स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त झाल्याच्या बातम्या झळकल्या. 2011च्या जनगणनेत हेच प्रमाण 943 होते. दहा वर्षांत लोकसंख्या एवढी उडी मारत नाही, ही शंका तिथेच यायला हवी होती. हे सर्वेक्षण घरोघरी जाते आणि आदल्या रात्री घरात मुक्कामाला असलेल्यांवरून हे प्रमाण काढते. त्यामुळे छावणीतला जवान किंवा वसतिगृहातला विद्यार्थी त्यात येत नाही आणि कामाच्या जागीच पथारी टाकणारा मजूर सहसा निसटतो. कोकणातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, तर मुंबई शहर जिल्ह्यात 832. रत्नागिरीत मुली जास्त जन्मतात असा याचा अर्थ नव्हे. तिथले चाकरमानी मुंबईत असतात. मुलीला जन्माला येऊ दिले जाते की नाही, हे जाणून घ्यायचे असेल तर जन्मावेळचे लिंग गुणोत्तर पाहावे लागते, आणि त्याच पाचव्या सर्वेक्षणात ते 929 होते.

दुसरी चूक सरासरीच्या छेदाची आहे, आणि ती जाणकारांकडूनही होते. 2019च्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणानुसार घरातल्या बिनमोबदला कामांसाठी स्त्रिया दिवसाला 299 मिनिटे देतात आणि पुरुष 97 मिनिटे. दीड तास म्हणजे पुरुष बरेच हातभार लावतात, असे वाटून जाते. प्रत्यक्षात ही सरासरी त्या दिवशी असे काम केलेल्यांचीच आहे, आणि असे काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये 81.2 टक्के, तर पुरुषांमध्ये 26.1 टक्के होते. सर्व पुरुषांवर ती मिनिटे वाटली, तर वाट्याला जेमतेम 25 येतात. स्त्रियांच्या वाट्याला मात्र 243 उरतात.

खर्चाच्या आकड्यांत एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाय घसरतो. 2022-23च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भागाचा मासिक खर्च 3,773 रुपये निघाला. ‘एवढ्यात घर कसे चालते?’ असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. हा खर्च संपूर्ण घराचा नसून तान्ह्या बाळासह घरातल्या प्रत्येक माणसामागचा आहे, आणि तो उत्पन्नही नव्हे. शिवाय घरच्या शेतातून आलेल्या धान्याची किंमतही त्यात धरलेली असते, त्यामुळे खिशातून गेलेले रोख पैसे आणि हा आकडा जुळत नाहीत. 2011-12मध्ये हाच खर्च 1,430 रुपये होता, म्हणून राहणीमान अडीचपटीहून अधिक वाढले असे म्हणणेही चुकीचे ठरते. महागाई वजा करून 2011-12च्या किमतींत मोजल्यास 3,773चे 2,008 होतात, म्हणजे वाढ सुमारे 40 टक्क्यांची राहते. मधल्या काळात माहिती घेण्याची पद्धतही बदलली: पूर्वी सगळे प्रश्न एकाच भेटीत विचारले जात, 2022-23मध्ये ते तीन भेटींत विभागले गेले. त्यामुळे हे 40 टक्केही जरा हात राखूनच वापरावेत.

रोजगाराच्या बाबतीत आधी व्याख्या वाचावी, मग टक्केवारी. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात 15 वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, 2017-18मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24मध्ये 41.7 टक्के झाला. मात्र घरच्या शेतात किंवा दुकानात पगाराविना राबणारी स्त्रीही या हिशेबात ‘कामावर’ धरली जाते. म्हणून या वाढीतून स्त्रियांच्या हाती पैसा आला का हे ठरवायचे असेल, तर त्याच अहवालातला स्वयंरोजगार, घरच्या व्यवसायातील मदतनीस, नियमित पगारी आणि रोजंदारी अशी विभागणी दाखवणारा तक्ता उघडावा लागतो.