दोन विहिरींमधलं सरळ अंतर पायथनने काढताना

मनरेगाच्या सिंचन विहिरीचा अर्ज हातात आला की मी आधी अंतर बघते. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर घेता येत नाही, आणि दोन सिंचन विहिरींमध्ये किमान १५० मीटर अंतर लागतं. मी अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या भागात तांत्रिक सहायक म्हणून काम करते. शेतात उभं असतानाच शेतकरी विचारतो, "ताई, बसते काय आमची विहीर अंतरात?" या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देणं मला पटत नाही. होकार चुकीचा गेला तर गावाच्या पिण्याच्या विहिरीचं पाणी कमी होऊ शकतं, आणि नकार चुकीचा गेला तर एका घराचं ओलीत जातं.

हे अंतर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा चार ओळींत काढून देते. तिच्या मॅथ मॉड्यूलमध्ये, म्हणजे गणिताच्या संचात, अंतर काढणारं डिस्ट नावाचं फंक्शन तयारच आहे. पायथनचे स्वतःचे शब्द रोमन लिपीत आणि कोडमधले आकडे इंग्रजी अंकांत टाइप करावे लागतात. इथे मी ते वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. व्हेरिएबलची, म्हणजे आपण आकड्यांना देतो ती नावं मात्र पायथन ३ मध्ये खरोखरच मराठीत ठेवता येतात, आणि मी तशीच ठेवते. सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी कोणता आकडा कशाचा, ते लगेच कळतं.

इम्पोर्ट मॅथ
पेयजल = (८१०२४०, २३०२६१०)
नवी = (८१०५२८, २३०२९९४)
प्रिंट(मॅथ.डिस्ट(पेयजल, नवी))

उत्तर येतं ४८०.०. कंसातला पहिला आकडा पूर्वेकडचा, दुसरा उत्तरेकडचा, दोन्ही मीटरमध्ये; ते कसे मिळवायचे ते पुढे सांगते. पडताळा हाताने घेता येतो: पूर्वेचा फरक २८८, उत्तरेचा ३८४, दोघांच्या वर्गांची बेरीज २,३०,४०० आणि तिचं वर्गमूळ ४८०. नवीन माणसाला शिकवताना मी हा पडताळा कागदावर करायला लावतेच. एकदा हाताने केलं की फंक्शन आत काय करतं याबद्दल शंका उरत नाही.

डिस्टला दोन बिंदू द्यायचे असतात आणि दोन्हींत आकड्यांची संख्या सारखीच लागते. एका विहिरीची उंचीही लिहिली आणि दुसरीची राहिली, तर ते व्हॅल्यू एरर देऊन थांबतं. हे चांगलंच आहे. दोन्हीकडे उंची दिली तर तेही चालतं: वरच्या दोन जागांमध्ये २० मीटरचा चढ असेल तर उत्तर ४८०.४२ येईल. पण जमिनीच्या मोजणीत अंतर आडवं धरतात, म्हणून उंची यात घालू नका.

डिस्ट पायथन ३.८ मध्ये आलं, म्हणजे २०१९ साली. जुन्या संगणकावर विंडोज ७ असेल तरी काळजी नाही, कारण ३.८ त्याच्यावर चालतं. त्याहून जुनं पायथन असेल तर हायपॉट वापरा. ते बिंदू घेत नाही, फरक घेतं: मॅथ.हायपॉट(२८८, ३८४). उत्तर तेच, ४८०.

इथवर सगळं सोपं आहे. घोळ होतो तो फोनवरून आलेले आकडे तसेच्या तसे आत टाकल्यावर. फोन अक्षांश-रेखांश देतो, म्हणजे अंश. डिस्ट तेही मुकाट्याने घेतं आणि ०.००४५ असं काहीतरी परत करतं. मग कोणीतरी सांगतं, एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, गुणून टाका. उत्तर-दक्षिण दिशेला हे जवळपास बरोबर आहे, आमच्याकडे तो आकडा ११०.७ भरतो. पण रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात. २०.८ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०४.१ किलोमीटरच भरतो. याचा परिणाम बघा: पिण्याच्या विहिरीच्या थेट पूर्वेला ४८० मीटरवर असलेली जागा या गुणाकाराने ५१२ मीटरवर दिसते. नियमात न बसणारी विहीर कागदावर बसते, आणि प्रोग्राम एकही एरर दाखवत नाही. म्हणून अंश कधीही थेट डिस्टमध्ये टाकू नका.

जवळच्या अंतरासाठी अंशांचे मीटर वेगवेगळे करा आणि मग हायपॉट लावा. समजा अक्षांशातला फरक ०.००३५ आणि रेखांशातला ०.००२८ आहे:

उत्तर = ०.००३५ * ११०७००
पूर्व = ०.००२८ * १०४१००
प्रिंट(मॅथ.हायपॉट(पूर्व, उत्तर))

सुमारे ४८५ मीटर. तुमचं गाव दुसऱ्या अक्षांशावर असेल तर १०४१०० च्या जागी १११३२० गुणिले अक्षांशाचा कोसाइन घ्या. कोसाइन काढणारं मॅथ.कॉस अंश घेत नाही, रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) घेतं, त्यामुळे अक्षांश आधी मॅथ.रेडियन्समधून काढा. ही रीत गावाच्या शिवारापुरती ठेवा. शेकडो किलोमीटरच्या अंतराला पृथ्वीचा गोलावा धरणारं हॅवरसाइन सूत्र लागतं.

दुसरा मार्ग म्हणजे सगळे बिंदू क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन यूटीएममध्ये बदलून घेणं. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. मला हाच मार्ग आवडतो, कारण मग सगळं मीटरमध्येच असतं आणि डिस्ट थेट चालतं. पण आमच्या भागात इथे एक खास अडचण आहे. यूटीएमचा झोन ४३ हा ७८ पूर्व रेखांशावर संपतो आणि तिथूनच झोन ४४ सुरू होतो. चांदूर रेल्वे त्या रेषेच्या किंचित पश्चिमेला, धामणगाव रेल्वे पूर्वेला. रेषेवर झोन ४३ चा पूर्वेचा आकडा ८ लाख १२ हजारांच्या आसपास असतो, तर झोन ४४ मध्ये त्याच जागेचा १ लाख ८८ हजारांच्या आसपास. एक विहीर एका झोनमध्ये आणि शेजारची दुसऱ्या झोनमध्ये नोंदवली गेली, तर डिस्ट त्यांच्यातलं अंतर सव्वासहाशे किलोमीटर सांगेल. उपाय साधा आहे: ज्या तालुक्यातून ही रेषा जाते तिथले सगळे बिंदू एकाच झोनमध्ये काढायचे. मी ईपीएसजी ३२६४३, म्हणजे झोन ४३ चा क्यूजीआयएसमधला क्रमांक, ठरवून ठेवलाय. झोनच्या कडेला यूटीएमचं अंतर जरासं फुगतं, पण ५०० मीटरला फक्त ४० सेंटिमीटर. त्याने काही बिघडत नाही.

फोनच्या जीपीएसची चूक याहून कितीतरी मोठी असते. मोकळ्या आभाळाखालीही साधारण पाच मीटर धरा, आणि झाडाखाली किंवा भिंतीलगत त्याहून जास्त. रीडिंग घेताना विहिरीच्या काठावर एक-दोन मिनिटं थांबा, आकडा स्थिर होऊ द्या. उत्तर ४९० ते ५१० च्या मध्ये आलं तर मी प्रोग्रामवर निकाल देत नाही, जागेवर टेप किंवा टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने मोजून घेते.

गावातल्या सगळ्या सिंचन विहिरी एकदम तपासायच्या असतील तर त्या नाव आणि जागा अशा डिक्शनरीत, म्हणजे पायथनच्या जोड्यांच्या यादीत भरा:

फॉर नाव, जागा इन विहिरी.आयटम्स():
    अंतर = मॅथ.डिस्ट(जागा, नवी)
    इफ अंतर < १५०:
        प्रिंट(नाव, राउंड(अंतर, १))

तुलना पूर्ण आकड्याशी करा, राउंड फक्त छापताना. १४९.६ आधीच पूर्णांकात आणलं तर ते १५० होईल आणि यादीतून निसटेल. एक्सेलमधून आलेले आकडे कधीकधी मजकूर म्हणून येतात. ते तसेच दिले तर टाइप एरर मिळतो, म्हणून प्रत्येक आकडा फ्लोटमधून, म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनमधून काढा. ग्रामपंचायतीत कोणी '८१०२४०' असं मराठी अंकांत भरलं असेल तरी फ्लोट ते नीट वाचतं. पुन्हा टाइप करायची गरज नाही.

आणि प्रोग्रामला 'नामंजूर' छापायला लावू नका, नुसतं अंतर छापा. १५० मीटरची अट अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना लागू नाही. ही माहिती अर्जात असते, निर्देशांकांत नसते. निकाल अर्ज वाचणाऱ्या माणसाने द्यायचा. माझ्या फाइलमध्ये प्रत्येक विहिरीपुढे पाच रकाने असतात: पूर्व, उत्तर, झोन, रीडिंगची तारीख आणि फोनने दाखवलेली अचूकता. शेवटचे तीन रिकामे असतील तर ती ओळ मी हिशेबात घेत नाही, पुन्हा शेतावर जाते.