मोटारसायकलच्या गळक्या पेट्रोल टाकीला लांबी फासण्याआधी या चुका टाळा

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. दारात लावलेल्या कितीतरी गाड्या हँडलपर्यंत चिखलात गेल्या, त्यात माझी जुनी यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल पण होती. पूर ओसरल्यावर इंजिन उघडलं, कार्ब्युरेटर धुतला, टाकीतलं गढूळ पेट्रोल काढून नवं भरलं. गाडी चालू झाली आणि सगळे खूश. टाकी आतून कशी झालीय हे मात्र कोणी बघितलंच नाही. दोन पावसाळे गेल्यावर पडवीत पेट्रोलचा वास यायला लागला. त्यानंतर मी एकामागून एक जे उद्योग केले, त्यातले निम्मे करायलाच नको होते. उरलेले योग्य होते, पण केले उलट्या क्रमाने.

ओलं दिसतं तिथेच भोक आहे असं धरून चालणं

पेट्रोल पत्र्यावरून घरंगळत सगळ्यात खालच्या कडेला येतं आणि तिथून ठिबकतं. भोक असतं भलतीकडेच. म्हणून आधी पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोल चालू-बंद करायचा नळ, बघा. त्याचं वायसर कडक झालं किंवा स्क्रू ढिले पडले, तरी टाकी फुटल्यासारखीच गळती दिसते, आणि खर्च मात्र फक्त वायसरचा असतो. कॉक ठीक असेल तर टाकीचा तळ कोरडा पुसा आणि त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरवा. पूड पहिल्यांदा जिथे ओली होईल, भोक तिथेच.

बहुतेक टाक्या घोड्यावरच्या खोगीरासारख्या असतात. मधे फ्रेमसाठी बोगदा आणि दोन्ही बाजूंना पोट. कॉक असतो एकाच पोटाला. त्यामुळे पेट्रोलपेक्षा जड असलेलं पाणी दुसऱ्या पोटात तळाशी वर्षानुवर्षं बसून राहतं आणि पत्रा तिथेच आधी सडतो. कॉक उघडून ‘टाकी रिकामी केली’ म्हणणाऱ्यांची फसगत इथे होते. टाकी उतरवून, पालथी करून, तोंडातूनच ओतून काढावी लागते.

पाणी येतं कुठून, हे न शोधणं

पूर काही दरवर्षी येत नाही, पण टाक्या दरवर्षी गंजतात. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात तशीच उभी राहिली की आतल्या दमट हवेचे थेंब वरच्या पत्र्यावर धरतात. ज्या गाड्यांचं झाकण टाकीच्या पातळीत बसवलेलं असतं, त्यांत झाकणाभोवती साचलेलं पावसाचं पाणी खाली सोडणारी एक बारीक नळी असते. ती चिखलाने किंवा कुंभारीण माशीच्या मातीच्या घराने बुजली की पाणी झाकणाच्या रबराला बगल देऊन आत जातं. टाकी नवी कोरी बसवली आणि नळी तशीच बुजलेली ठेवली, तर नव्या टाकीचीही तीच गत होणार.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. एका मर्यादेपर्यंत ते पेट्रोलमध्येच मुरलेलं राहतं आणि मर्यादा ओलांडली की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाला बसतो. रिझर्व्हला टाकल्यावर गाडी खोकायला लागते ती बऱ्याचदा यामुळेच, कारण रिझर्व्ह तळातलं पेट्रोल ओढतं.

रिकामी टाकी म्हणजे धोका संपला असं समजणं

भोक बुजवायला टाकी झाळतात, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून सांधतात. तेव्हा ही चूक जिवावर बेतते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत ही वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत अशा मिश्रणाला जागाच नसते. ओतून रिकामी केलेल्या टाकीत मात्र तळाचे चार थेंब आणि उरलेली हवा मिळून तेच मिश्रण तयार होतं. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर निघून जात नाही, टाकीत आणि जमिनीलगत पसरून राहते.

एकदा पाण्याने खळखळवून घेतलेली टाकीसुद्धा सुरक्षित नसते. पत्र्याच्या जोडात आणि गंजाच्या पापुद्र्याखाली पेट्रोल मुरलेलं असतं. वरून ज्योत लागली, पत्रा तापला, की तिथून पुन्हा वाफ सुटते. गरम पाणी आणि धुण्याची पावडर घालून तीन-चार वेळा धुवा, झाकण आणि कॉक काढून दोन दिवस उघडी ठेवा. तरीही ज्योत लावण्याआधी टाकी पाण्याने भरा. भोकाची जागा सगळ्यात वर येईल अशी टाकी धरून, जेवढी जागा झाळायची तेवढीच मोकळी सोडून बाकी सगळं पाणी. जुने रेडिएटरवाले असंच करतात. एका गॅरेजात ‘काही होत नाही हो’ म्हणत वेल्डरने नुसती झटकलेली टाकी हातात घेतली, तेव्हा मी ती परत मागून घेतली. तो नाराज झाला, होऊ दे.

अजून एक. टाकी लवकर वाळावी म्हणून काहीजण आत स्पिरिट किंवा ॲसिटोन फिरवतात आणि लगेच केस वाळवायचा ड्रायर लावतात. ड्रायरच्या आत लाल तापलेली तार असते. स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत ड्रायर, घासणीयंत्र, देवघरातलं निरांजन, सगळं लांब.

संडासचं ॲसिड

हे मी केलं. कुणीतरी म्हणालं, अर्ध्या तासात टाकी चांदीसारखी होते. खरंच झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंकवासारखी लाल होती आणि तळाला आधी एक भोक होतं तिथे चार झाली होती. ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, जोडाच्या फटीत जाऊन बसतं आणि धुतल्यावरही आतून खात राहतं. टाकीचा पत्रा आधीच एक मिलिमीटरच्या आतबाहेर, त्याच्याकडे घालवण्यासारखं फार नसतं.

व्हिनेगर किंवा किराणा दुकानातलं लिंबूसत्व घ्या. लिटरभर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्व, टाकी काठोकाठ भरून एक-दोन दिवस. काठोकाठ एवढ्यासाठी, की अर्धी भरली तर वरचा पत्रा तसाच गंजलेला राहतो. गंज जाड असेल तर त्याआधी गाडीची जुनी चेन आत टाकून टाकी हलवा. मी नट टाकले होते. मोजून चाळीस आत गेले, एकोणचाळीस बाहेर आले. चाळिसावा लोहचुंबक फिरवून काढण्यात एक रविवार गेला. चेन अख्खी असते, टोकाला तार बांधली की ओढून निघते.

गाडी इंजेक्शनची, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पंपाने पेट्रोल फवारणारी, असेल तर हे सगळं करण्याआधी टाकीतला पंप बाहेर काढायलाच हवा. १ एप्रिल २०२०नंतर विकल्या गेलेल्या बीएस-६ दुचाकी बहुतेक याच प्रकारच्या आहेत. पंपासकट व्हिनेगर भरलं तर टाकी सुटेल आणि पंप जाईल.

आधी झाळकाम, मग गंज काढणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. गंज हाच कित्येक भोकांचा बुचा असतो. एक गळकं भोक झाळून घेतलं, मग लिंबूसत्वाने गंज काढला, की बुचे सुटतात आणि नवी भोकं उघडी पडतात. लोक म्हणतात औषधाने टाकी खाल्ली. भोकं आधीचीच असतात, फक्त आता दिसतात. म्हणून आधी गंज काढा, मग तपासा, मग झाळा.

तपासायला कॉकचं आणि तोंडाचं भोक रबराने बंद करून टाकी पाण्याच्या पिंपात बुडवा आणि सायकलच्या पंपाचे दोन-तीन हलके फटके द्या. बुडबुडे येतील तिथे खूण करा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जोडू नका, टाकी फुग्यासारखी फुगते आणि मग ती फ्रेमवर बसतच नाही.

टाचणीएवढ्या भोकांना डाग देणं पुरतं. जोडच उसवला असेल तर गॅसने पितळी झाळकाम. विजेच्या वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा बहुतेक वेळा जळून भोक मोठं होतं. आणि लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी? पेट्रोल पाझरत असलेल्या किंवा रंगावर फासलेल्या लांबीला धरायला काही नसतं, आठवड्याभरात कडेने सुटते. घाटात गळती लागली तर त्यापेक्षा कपडे धुवायची साबणाची वडी भोकावर घट्ट रगडा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घरापर्यंत टिकतो.

आतलं कोटिंग घाईत लावणं

लिंबूसत्व ओतून टाकल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने टाकी धुवा आणि लगेच वाळवा. कोकणच्या हवेत उघडा पडलेला पत्रा तासाभरात तांबूस होतो. कोटिंग, म्हणजे पुन्हा गंज धरू नये म्हणून आतून द्यायचा थर, त्याच दिवशी लावायचं नसेल तर आतून टू-स्ट्रोक ऑइल फिरवून ठेवा, पण मग कोटिंगआधी ते साबणाने पूर्ण काढावं लागतं. तेलावर किंवा ओलीवर एपॉक्सी कोटिंग धरत नाही. वर्षभराने त्याचे पापुद्रे सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, अडकतात आणि मग गंज बरा होता असं वाटतं.

घेताना ते इथेनॉलला टिकतं असं डब्यावर लिहिलेलं बघा. ओतण्याआधी कॉकचे आटे आणि हवेची बारीक नळी बुजवून घ्या, नाहीतर त्याही कायमच्या बंद. टाकी सगळ्या बाजूंनी फिरवत राहा आणि उरलेलं कोटिंग बाहेर काढा, तळ्यासारखं साचू देऊ नका. डब्यावर चार दिवस लिहिले असतील तर आठवडा द्या. मी हे भर जुलैत केलं आणि पुन्हा दिवाळीनंतर केलं.

कोटिंगनंतर झाळकाम करता येत नाही, उष्णतेने ते जळतं. आणि बाहेरचा रंग सगळ्यात शेवटी. मी आधी हौसेने लाल रंग मारून घेतला होता, टाकी धुताना सांडलेल्या पेट्रोलने त्याचे ओघळ झाले.

पहिल्यांदा पेट्रोल भरताना अर्धा लिटरच भरा, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. कॉक आणि कार्ब्युरेटरच्या मधे आरपार दिसणारा फिल्टर बसवा. माझ्या फिल्टरमध्ये पहिले पंधरा दिवस तांबूस भुकटी आली, दोनदा बदलला, मग बंद झाली. त्यानंतर गाडी एकदा दहा-बारा किलोमीटरवर बंद पडली, तेव्हा पुन्हा टाकीच्याच नावाने खडे फोडले. झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणातलं हवेचं भोक रंगाने बुजलं होतं.