पेरिप्लसमधलं कल्याण शेवटी सापडलं

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आपलं पैठण आणि तेर आहे, हे ऐकून होते. मूळ वाचायचं म्हटलं, तर नेटवर जिकडेतिकडे त्याच दोन ओळी चिकटवलेल्या. आठवडाभर नुसती चिडचिड.

मग नुसतं नाव न शोधता अनुवादक आणि साल टाकलं: शॉफ, १९१२. हक्क संपलेले असल्याने इंटरनेट अर्काइव्हवर अख्खं पुस्तक फुकट मिळालं, टिपांसकट. या टिपा सोडू नका, खरा खजिना तिथेच आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर. वाचताना अंगावर काटा आला!

कल्याणला पेरिप्लसचा लेखक ‘एम्पोरिऑन एन्थेस्मॉन’ म्हणतो. ग्रीक मला येत नाही. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस या ऑनलाइन ग्रंथालयात शब्द रोमन अक्षरांत टाकला, की मूळ रूप आणि कोशातला अर्थ समोर येतो. ‘एन्थेस्मॉस’ म्हणजे कायदेशीर. राजमान्य बाजारपेठ! पुढे तो सांगतो, की नंतर सत्ता बदलली आणि तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली.

जागांचे नकाशे प्लेयडीस या प्राचीन स्थळांच्या संकेतस्थळावर बघा.