आरडी 350 चे कार्बोरेटर जुळवायला बसण्यापूर्वी

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या राजदूत 350 या मोटरसायकलचे (यामाहा आरडी 350 चीच ही भारतात बनलेली आवृत्ती) दोन्ही कार्बोरेटर, म्हणजे सिलिंडरांना पेट्रोल-हवेचे मिश्रण देणारे भाग, इतके नेमके जुळवले होते की सायलेन्सरच्या तोंडांशी दोन तळहात धरले असता डावा-उजवा फरक कळत नव्हता. त्याच आनंदात इंदुरहून खंडवा रोडने तेजाजी नगर ओलांडून सिमरोलच्या घाटाला लागलो, तोच इंजिनाचा आवाज एकाएकी कोरडा आणि पातळ झाला व मागचे चाक आवळले गेले. क्लच वेळेत दाबला गेला म्हणून मी पडलो नाही, परंतु उजव्या बाजूचा पिस्टन सिलिंडरमध्ये जो धरला तो धरलाच. कार्बोरेटरमध्ये दोष नव्हता. ऑइल पंपाची केबल मी तपासलेली नव्हती.

म्हणून तिची गोष्ट आधी. ज्यांच्याकडे ही 347 सीसीची, दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक गाडी आहे, त्यांना ठाऊक असते की तिच्यात तेल पेट्रोलमध्ये मिसळावे लागत नाही. बाजूच्या टाकीतले टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) तेल इंजिनावरचा पंप स्वतःच सिलिंडरकडे पोहोचवतो, आणि किती तेल द्यायचे हे इंजिनाची गती व थ्रॉटलची मूठ किती फिरवली आहे या दोहोंवरून ठरते. मुठीकडून निघालेली एकच केबल टाकीखाली तीन फाट्यांत विभागली जाते: दोन फाटे कार्बोरेटरच्या स्लाइडना (वर उचलल्या की मिश्रणाची वाट उघडणाऱ्या झडपांना) आणि तिसरा पंपाच्या पुलीला. कार्बोरेटर जुळवताना आपण पहिल्या दोन फाट्यांतील ढिलाई काढतो, तिसरा मात्र होता तसाच राहतो. परिणामी मूठ फिरताच स्लाइड आधी उचलल्या जातात आणि पंप मागाहून जागा होतो, म्हणजे पेट्रोल-हवा अर्ध्या थ्रॉटलची आणि तेल त्याहून कमी. सपाट रस्त्यावर, थोड्या वेळापुरते हे निभावते. चढावर निभावत नाही. कामाच्या कागदावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, पंपाची केबल असे लिहून ठेवावे.

जागा मोकळी आणि सावलीची असावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कारण सांगण्याची गरज नाही. जवळपास देवघरातले निरांजन, उदबत्ती किंवा पेटता स्टोव्ह नको, कारण कार्बोरेटरखालच्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वाट्या उघडल्या की पेट्रोल सांडतेच. इंदुरात एप्रिल-मे महिन्यांत हे काम सकाळी सातच्या आधी सुरू करावे, आणि इंजिनासमोर एक उभा पंखा आणून ठेवावा, कारण हवेने थंड होणारे इंजिन उभ्या गाडीवर पाच मिनिटेही चालले तरी तापते आणि तापलेल्या इंजिनावर लावलेले आयडलिंग (मूठ न फिरवता इंजिन चालण्याची गती) नंतर रस्त्यावर टिकत नाही.

हत्यारांपैकी नेहमीचे पाने, फीलर गेज, टॉर्च, फडकी आणि पेट्रोल धरण्याचे ताट यांविषयी लिहीत नाही. स्क्रू ड्रायव्हरविषयी मात्र लिहितो. या गाडीचे चौफुली स्क्रू जपानी मापाचे आहेत. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यांत पूर्ण बसत नाही, उसळतो आणि स्क्रूचे डोके गोल करून ठेवतो. पंपाच्या झाकणाचे स्क्रू असेच बिघडलेले असतात, आणि झाकण उघडायला त्रास होतो म्हणूनच लोक ते उघडत नाहीत. मीही त्याच कारणाने उघडले नव्हते. जपानी मापाचा ड्रायव्हर मिळवावा. सियागंज, जवाहर मार्ग अशी एक चक्कर पडली तरी चालेल. त्याशिवाय एकाच व्यासाची दोन गुळगुळीत ड्रिल बिटे आणि दाढी करायचा लहान आरसा लागेल. आरशाचा उपयोग पंपाची खूण पाहण्यासाठी.

व्हॅक्यूम गेज आणण्याचा आग्रह धरू नये. फोर-स्ट्रोक इंजिनांवर ती उत्तम आहेत, परंतु येथे जुळणी स्लाइडच्या उंचीवरूनच करायची असते.

आता कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वीचे तपासणे. प्लग आणि एअर फिल्टर स्वच्छ हवेत, हे सर्वांना माहीत आहे. पॉइंट (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) दोन आहेत, प्रत्येकातील अंतर 0.30 ते 0.40 मिलिमीटर ठेवून मग दोन्ही बाजूंचे टायमिंग पाहावे; एका बाजूचे टायमिंग मागे असेल, तर आपण त्याची भरपाई कार्बोरेटरने करत बसतो आणि दिवस वाया जातो. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधले रबर वाकवून पाहावे: वरून धड दिसणाऱ्या रबराच्या आतल्या घडीत केसासारखी चीर असते, तिच्यातून हवा शिरते आणि त्या बाजूचे मिश्रण पातळ होते. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या जेटचे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी छिद्रांचे) आकडे वाचावेत. माझ्या गाडीत पूर्वीच्या कोणा मेकॅनिकने दोन बाजूंना दोन निरनिराळे मेन जेट बसवलेले होते, आणि पितळेवरचा तो बारीक आकडा चश्मा लावून, जेट उन्हात तिरपे धरल्यावरच दिसला. असे कार्बोरेटर कितीही जुळवले तरी जुळल्यासारखे दिसतात, जुळत नाहीत. फ्लोटची उंची दोन्हीकडे सारखी हवी. चोक लावलेला नसावा.

केबलींना तेल द्यावे, आणि तारा तुटू लागलेली केबल सरळ बदलावी, कारण जुनी केबल आज जुळवली तर उद्या ताणते. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून पाहावे. टाकीखाली केबल अडकत असेल तर वळणावर रेस आपोआप वाढते. आणि केबल म्हटले की तिन्ही केबली समजाव्यात, दोन नव्हेत.

एवढे झाले की प्रत्यक्ष जुळवणी फार वेळ घेत नाही. एअर फिल्टरची रबरे काढून दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात, स्लाइडखाली, एकेक ड्रिल बिट सरकवावे आणि आयडलिंगचे दोन्ही स्क्रू असे फिरवावेत की दोन्ही बिटांवरची पकड सारखी वाटेल. बिटे काढून केबलींच्या अॅडजस्टरने प्रत्येकी सुमारे 1 मिलिमीटर ढिलाई ठेवावी. मग मूठ अगदी सावकाश फिरवावी. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. हे पाहताना मूठ दुसऱ्याने धरलेली बरी. मी भाच्याला बसवतो, आणि तो घाई करतो, म्हणून त्याला दहा वेळा फिरवायला लावतो. पूर्ण थ्रॉटलला दोन्ही स्लाइडच्या कडा तोंडातून सारख्याच बाहेर गेल्या आहेत ना, तेही पाहावे. एअर स्क्रू (आयडलिंगच्या मिश्रणातली हवा ठरवणारा) हलक्या हाताने टेकवून मॅन्युअलमध्ये दिलेले तेवढे फेरे बाहेर काढावेत. जोर लावला तर टोक चेपते आणि मग कोणतीच बाजू ऐकत नाही.

आणि येथे थांबावे. गाडी सुरू करू नये. पंपाचे झाकण उघडावे, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत मूठ धरावी, आरसा लावून पुलीवरची खूण गाइड पिनसमोर येते का ते पाहावे, येत नसेल तर पंपाच्या केबलचा अॅडजस्टर फिरवून ती आणावी, लॉकनट आवळावा आणि आवळल्यावर पुन्हा पाहावे, कारण नट आवळताना अॅडजस्टर किंचित सरकतो. कार्बोरेटरच्या केबलला नंतर पाव फेरा जरी दिला तरी हे सगळे पुन्हा करावे. तेलाची नळी काढली असेल तर पंपातली हवा काढावी. मनात शंका राहिलीच, तर पहिल्या चाचणीपुरते 1 लिटर पेट्रोलमध्ये 25 मिलिलिटर टू-टी तेल मिसळून घालावे. धूर थोडा होईल, शेजारी बोलतील.

मग इंजिन सुरू करून एकेका सिलिंडरवर आयडलिंग ऐकावे. त्यासाठी दुसऱ्या बाजूचा प्लग काढावा, आणि तो वायरीला जोडूनच सिलिंडर हेडला टेकवून ठेवावा, नाहीतर कॉइल जाते. दोन्ही बाजूंची गती सारखी आली की दोन्ही प्लग लावून आयडलिंग खाली आणावे. फिल्टरची रबरे परत बसवावीत. हँडल पुन्हा वळवून पाहावे.

चाचणी सपाट रस्त्यावर, घाटात नव्हे. 10 किलोमीटरनंतर इंजिन थांबवून दोन्ही प्लगांचा रंग पाहावा, तेलाच्या टाकीतली पातळी पाहावी, आणि घरी येऊन इंजिन थंड झाल्यावर पंपाचे झाकण पुन्हा उघडून खूण पाहावी.