डायरी लिहायला घेता आणि बंद पडते? या चुका टाळा

१ जानेवारीला नवी कोरी डायरी, जेल पेन, पहिल्या पानावर सुवाच्य अक्षर आणि संक्रांतीपर्यंत सगळं थंड, पुढे त्याच डायरीत दुधाचा हिशोब. बहुतेकांचं हेच होतं. यात आळस थोडाच असतो, लिहायची पद्धतच गंडलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पानावर नुसता निकाल लावून मोकळं होणं. "आज खूप चिडचिड झाली, नेहमीचंच, माझा स्वभावच तसा." झालं, आता यावर विचार तरी कशाचा करणार? त्यापेक्षा घडलं काय ते लिहा. म्हणजे असं: "सकाळी साडेसात. कुकर लागायचा होता, सासूबाई म्हणाल्या आज पण उशीर का. मी काही बोलले नाही, डब्याचं झाकण आपटलं. हा समोर मोबाईल बघत बसलेला." आता बघा, राग सासूबाईंवर आहे असंच दिवसभर वाटत होतं पण लिहिताना मोबाईलवाला माणूस आपोआप पानावर आला की नाही!

दुसरी चूक पहिलीच्या उलट, म्हणजे रोज तेच रडगाणं. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ च्या एका अभ्यासात कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं, आणि ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ती मुलं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेली. पण लिहून झाल्या झाल्या मात्र त्यांना आणखीनच वाईट वाटत होतं, तेव्हा पहिल्या दिवशी रडू आलं म्हणून घाबरायचं कारण नाही. नंतर पेनेबेकरच्या असंही लक्षात आलं की दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात 'कारण', 'आता कळलं' असले शब्द वाढत गेले त्यांना जास्त फायदा झाला. म्हणून चौथ्या दिवसाचं पान पहिल्या दिवसासारखंच असेल तर तो विषय सरळ बाजूला ठेवा, दुसरं काहीतरी लिहा. आणि लिहिल्यामुळे झोपच उडायला लागली असेल तर वही मिटून कौन्सेलरकडे जा, सगळंच वहीने सुटत नाही.

"पण मला कुठे छान लिहिता येतं?" अहो, बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताच येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता सुचेल ते त्या म्हणायच्या, घरच्यांनी ते उतरवून घेतलं म्हणून त्या गेल्यावर १९५२ ला पुस्तक निघालं, नाहीतर आपल्याला कळलंही नसतं. तुमचं पुस्तक निघायची गरज नाही, पण पोळ्या लाटताना फोनवर व्हॉइस नोट करा की, किंवा बॉसचं वेडंवाकडं चित्र काढा, तेही चालतं (चित्र ऑफिसात विसरू नका फक्त).

स्टेटसला टाकायला लिहू नका. एकदा का लाईक येणार हे डोक्यात शिरलं की वाक्यं सजायला लागतात आणि झाकण आपटल्याचं कोणी लिहीत नाही. घरात कोणीतरी वाचेल ही भीती मात्र खरी असते, विशेषतः वन आरके मध्ये, तिथे लॉक असलेलं नोट्स अॅप बरं, नाहीतर लिहा आणि फाडून टाका, काही बिघडत नाही.

तारखा छापलेली डायरी तर घेऊच नका, दोन पानं कोरी राहिली की अपराधी वाटतं आणि मग ती उघडायलाच नको वाटते. साधी दोनशे पानी वही घ्या, लिहाल त्या दिवशी तारीख टाका. महिन्याभराने मागचं वाचाल तेव्हा खाडाखोड करू नका, कितीही लाज वाटली तरी, जे आता वेगळं वाटतंय ते समासात नवी तारीख घालून दुसऱ्या रंगाच्या पेनाने लिहा.