कोकणात कॉमिक्सची विक्री : नवे अंक, ऑनलाइन मागण्या आणि करांचा हिशेब

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा सावंतवाडी यांसारख्या गावात निव्वळ कॉमिक्सवर दुकान चालेल, अशी अपेक्षा कोणी धरू नये. येथे कॉमिक्सचे कपाट उभे राहते ते शालेय वह्या, बालमासिके आणि दिवाळी अंक यांच्या आधारानेच, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मे महिन्यात व गणपतीला चाकरमानी सहकुटुंब गावी आले, की मुलांसाठी वाचायला काहीतरी मागणारे गिऱ्हाईक आपोआप दारात येते. एरवी मात्र हे कपाट ऑनलाइन विक्रीवरच जगवावे लागते. ती सुरू करताना बहुतेक दुकानदारांनी एकच वाक्य ऐकलेले असते, की पुस्तकांवर जीएसटी नाही. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. पुस्तकाला माफ झालेला कर त्याच्या शेजारी टांगलेल्या पोस्टरवर आणि विक्री करून देणाऱ्या संकेतस्थळाच्या दलालीवर पुरेपूर बसतो, आणि दुकानदाराचा नफा नेमका तिथेच गळतो.

नवे अंक मागवताना

माल साधारणपणे तीन वाटांनी येतो. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’, १९८० पासून निघणारे ‘टिंकल’ आणि हिंदी कॉमिक्स ही भारतीय प्रकाशकांची पुस्तके वितरकांकडून सहज मिळतात. इंग्रजी ग्राफिक कादंबऱ्या आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, यांचे खंड मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या भारतातील वितरणव्यवस्थेतून येतात. येथे न खपलेला माल परत घेण्याची अट आधीच लेखी ठरवून घ्यावी. तिसरी वाट अमेरिकी मासिक अंकांची. ते तिकडे प्रामुख्याने बुधवारी बाजारात येतात, त्यांची मागणी कित्येक आठवडे आधी नोंदवावी लागते आणि न खपलेले अंक सहसा परत जात नाहीत. शिवाय आयात छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के सीमाशुल्क लागू झाले. १९८२ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे अमेरिकी कॉमिक्सच्या व्यापारावर जवळजवळ एकहाती पकड असलेली डायमंड ही वितरणसंस्था जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्यामुळे तेथील पुरवठ्याची घडीही विस्कटली. माझ्या मते कोकणातील दुकानाने सुट्या मासिक अंकांच्या मागे लागूच नये. त्याच कथांचे संकलित खंड काही महिन्यांनी निघतात; ते टिकाऊ असतात, पाठीवर क्रमांक असल्याने मांडायला सोपे जातात आणि वर्षभर विकता येतात.

मागणीसाठी एक वही ठेवावी. तीत गिऱ्हाईकाचे नाव, मालिका, त्याच्याकडे असलेला शेवटचा खंड आणि घेतलेली आगाऊ रक्कम एवढे लिहिले तरी पुरते. मांगाच्या मालिकेत सातवा खंड नसेल तर आठवा कोणी उचलत नाही, म्हणून नवा खंड मागवण्यापूर्वी मधली गळती आधी भरून काढावी आणि पहिला खंड कपाटात कायम शिल्लक ठेवावा. नवा वाचक तेथूनच सुरुवात करतो.

पावसाळ्याचा माल मे अखेरीपर्यंत दुकानात आलेला बरा. जून ते सप्टेंबर या काळात घाटात दरड कोसळली किंवा कोकण रेल्वे खोळंबली, की खोके ट्रान्सपोर्टच्या गोदामात किती दिवस भिजत पडेल याचा नेम नसतो. या दिवसांत आलेले खोके चिकटपट्टी कापण्यापूर्वीच चारही बाजूंनी मोबाइलवर टिपून ठेवावे. मग एकेक पुस्तक काढून कोपरे आणि कणा तपासावा, मधली पाने हलकेच फाकवून पाहावीत. चकचकीत कागद ओलसर झाला असेल तर पाने एकमेकांना धरून बसतात आणि ओढली तर चित्राचा रंग समोरच्या पानावर उतरतो. अशी प्रत सुकवून विकण्याचा मोह टाळावा व त्याच दिवशी छायाचित्रांसह वितरकाला कळवावे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. महागड्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवाव्यात आणि या पुड्या अधूनमधून बदलाव्यात. तळाच्या फळीवर पुस्तके नकोतच. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही ग्रंथहानी सोसावी लागली. बाजारपेठ नदीकाठी असेल, तर दुकानाच्या विम्यात पुराचा समावेश आहे की नाही हे पॉलिसीत स्वतः वाचून पाहावे.

कोणत्या वस्तूवर किती कर

जीएसटीच्या वर्गवारीत छापील पुस्तके ४९०१, वृत्तपत्रे व नियतकालिके ४९०२ आणि मुलांची चित्रांची व रंगवण्याची पुस्तके ४९०३ या शीर्षकांखाली येतात. कॉमिक्स यांपैकी कशातही बसवले तरी दर शून्यच. दिवाळी अंकालाही हेच लागू होते. ऑनलाइन यादीत वस्तू चढवताना मात्र हा क्रमांक नीट भरावा, कारण चुकीचा क्रमांक टाकल्यास संकेतस्थळाची यंत्रणा निमूटपणे कर आकारते आणि पुढे तो निस्तरणे जिकिरीचे होते. छापील पुस्तकाच्याच ई-आवृत्तीवर ५ टक्के कर आहे. जे कॉमिक केवळ डिजिटल स्वरूपात निघाले आहे त्याला ही सवलत मिळत नाही.

बाकीच्या वस्तूंचे दर वेगवेगळे आहेत. छापील पोस्टरवर १८ टक्के कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खडू आणि नकाशे करमुक्त झाले, इलेक्ट्रॉनिक नसलेली खेळणी ५ टक्क्यांवर आली आणि २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांना, म्हणजे बहुतेक टी-शर्टांना, ५ टक्के दर लागू झाला. पेन करपात्रच राहिले.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘संच’ या प्रकारात. समजा, २५० रुपयांच्या कॉमिकसोबत आपण स्वतः छापून घेतलेले पोस्टर ठेवले आणि दोन्ही मिळून ३०० रुपये अशी एकच किंमत लावली. एकमेकांशी अंगभूत संबंध नसलेल्या वस्तू एका किमतीत विकल्या, तर कायद्याच्या भाषेत तो ‘मिश्र पुरवठा’ ठरतो आणि त्यातील सर्वाधिक दराच्या वस्तूचा दर संपूर्ण रकमेला लागतो. म्हणजे करमुक्त पुस्तकही १८ टक्क्यांच्या दावणीला बांधले जाते. दोन वस्तूंच्या किमती वेगळ्या लावून वेगळ्या ओळींत दाखवल्या, की हा प्रश्न उरत नाही. प्रकाशकानेच अंकात शिवून दिलेल्या पोस्टरची गोष्ट निराळी. तेथे मुख्य वस्तू अंक हीच असते.

नोंदणी केव्हा लागते

केवळ करमुक्त वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची गरज नाही, मग विक्री दुकानात असो वा संकेतस्थळावर, महाराष्ट्रात असो वा बाहेर. फक्त पुस्तके विकणाऱ्यांना मोठी विक्री-संकेतस्थळे याच कारणाने जीएसटी क्रमांकाशिवाय दाखल करून घेतात. मात्र करपात्र वस्तू एक जरी विकायला ठेवली, तरी ‘केवळ’ हा शब्द गळून पडतो आणि पुढचे नियम लागू होतात.

केवळ माल विकणाऱ्यासाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाख रुपयांची आहे. या उलाढालीत करमुक्त पुस्तकांची विक्रीही मोजली जाते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. ३८ लाखांची पुस्तके-वह्या आणि ३ लाखांची पोस्टर व की-चेन विकणारा दुकानदार ‘माझा करपात्र माल तीनच लाखांचा’ असे म्हणू लागला, तर ते चालणार नाही.

त्याहून नाजूक बाब राज्याच्या सीमेची. करपात्र माल परराज्यात पाठवला, तर साधारणपणे उलाढाल कितीही असली तरी नोंदणी बंधनकारक होते. सिंधुदुर्गातल्या दुकानदाराला गोवा हे परराज्य वाटतच नाही. बांद्याच्या पुढे नातीगोती असतात आणि पेडणे-म्हापशाचे गिऱ्हाईक सावंतवाडीच्या बाजाराला येत-जात असते. पण व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन म्हापशाला टपालाने पाठवलेले एक पोस्टर हा आंतरराज्य पुरवठाच आहे. तेथे कॉमिक बिनघोर पाठवावे, पोस्टर नोंदणीशिवाय पाठवू नये. तेच गिऱ्हाईक दुकानात आले आणि बिलावर त्याचा पत्ता नोंदवला नाही, तर ती विक्री दुकानाच्या राज्यातलीच धरली जाते.

विक्री-संकेतस्थळावरून करपात्र वस्तू विकायची असेल, तर पूर्वी लहान दुकानदारालाही नोंदणी अटळ होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सवलत मिळाली : उलाढाल मर्यादेच्या आत असेल, विक्री फक्त आपल्याच राज्यात होणार असेल आणि पॅन असेल, तर जीएसटी पोर्टलवरून नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन काम भागते. केवळ मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पोस्टर विकण्यासाठी ही वाट पुरेशी आहे. देशभर विकायचे असल्यास मात्र रीतसर नोंदणी करावी व विवरणपत्रांची शिस्त पाळावी, कारण उशीर झाल्यास दर दिवशी ५० रुपये आणि शून्य विवरणपत्रालाही, म्हणजे व्यवहारच झाला नाही अशा काळाच्या विवरणपत्रालाही, २० रुपये विलंबशुल्क लागते. नोंदणी झाल्यावर करमुक्त पुस्तकासाठी कर-बीजक न देता ‘बिल ऑफ सप्लाय’, म्हणजे कर न आकारलेले बिल, द्यायचे असते. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाने पुस्तक आणि टी-शर्ट एकत्र घेतले, तर दोन्हींसाठी मिळून एकच संयुक्त बिल चालते.

संकेतस्थळ काय कापून घेते

येथे एक आकडेमोड करून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ३०० रुपये किमतीचा मांगाचा खंड दुकानदाराला २५ टक्के सवलतीत २२५ रुपयांना पडला. संकेतस्थळाची दलाली, हाताळणी आणि पाठवणी मिळून ६० रुपये झाले. या सेवांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १० रुपये ८० पैसे. हातात उरले २२९ रुपये २० पैसे, म्हणजे नफा ४ रुपये २० पैसे. त्यातून अजून पुठ्ठ्याचे खोके आणि चिकटपट्टी यांचा खर्च वजा व्हायचा आहे. करपात्र माल विकणारा नोंदणीकृत व्यापारी ते १० रुपये ८० पैसे आपल्या करातून वळते करून घेतो. पुस्तकविक्रेत्याला ती सोय नाही, कारण करमुक्त विक्रीसाठी केलेल्या खर्चावरचा कर परत मिळत नाही. दोन्ही प्रकारचा माल विकणाऱ्याला तो प्रमाणातच मिळतो. पुस्तक करमुक्त असण्याची ही दुसरी बाजू दुकानदाराने किंमत ठरवतानाच हिशेबात धरली पाहिजे.

तोच खंड व्हॉट्सॲपवरच्या मागणीवरून थेट पाठवला आणि टपालखर्च गिऱ्हाइकाकडून घेतला, तर ७५ रुपये सुटतात. म्हणून सुटे स्वस्त खंड थेट विकावेत. संकेतस्थळावर पाच-दहा खंडांचे महाग संच चढवावेत. सारेच खंड करमुक्त असल्याने अशा संचाला मिश्र पुरवठ्याची बाधा होत नाही.

याशिवाय संकेतस्थळ दोन कपाती करते. पहिली जीएसटीची : करपात्र विक्रीच्या निव्वळ मूल्यावर १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्का, पूर्वी तो १ टक्का होता. पुस्तकांच्या विक्रीवर ही कपात व्हायला नको. झालेली दिसल्यास वर्गवारीचा क्रमांक चुकला असे समजावे. दुसरी आयकराची : १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का, आणि ही करमुक्त पुस्तकांवरही होते. वैयक्तिक मालकीच्या दुकानाची त्या संकेतस्थळावरील वार्षिक विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेले असेल, तर ही कपात होत नाही. ते दिले नाही तर थेट ५ टक्के कापले जातात. स्वतःच्या व्हॉट्सॲपवरून किंवा स्वतःच्याच संकेतस्थळावरून केलेल्या विक्रीत यांपैकी कोणतीही कपात येत नाही.

पाठवणी आणि वर्षअखेर

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असे तिचे दर जाहीर झाले. पाकीट रस्ता-रेल्वेने जाते, त्यामुळे वेळ लागतो, पण त्याचा माग काढता येतो. ही सवलत शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी असून नियतकालिके व जाहिराती असलेली प्रकाशने तीत बसत नाहीत. म्हणून पौराणिक किंवा चरित्रपर चित्रकथा या सेवेने पाठवाव्यात, मासिक अंक मात्र नेहमीच्या टपालाने. प्रत आधी प्लास्टिकमध्ये, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून बांधावी. नुसत्या लिफाफ्यात कोपरे हमखास दुमडतात.

३१ मार्चला शिल्लक मालाची यादी करताना भिजलेल्या व खराब प्रती वेगळ्या दाखवाव्यात. वैयक्तिक मालकीच्या लहान दुकानाला आयकरात अनुमानित नफ्याची सोय आहे : बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के नफा दाखवला, की तपशीलवार हिशेबपुस्तकांची सक्ती राहत नाही. ऑनलाइन विक्री सगळी पहिल्या गटात मोडते. मात्र विक्रीचा आकडा भरताना बँकेत जमा झालेली रक्कम न घेता गिऱ्हाइकाने मोजलेली पूर्ण किंमत धरावी, कारण संकेतस्थळ आयकर खात्याला तीच कळवते आणि दलाली वजा जाता उरलेला आकडा तिच्याशी जुळत नाही. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असले तरी कापलेला ०.१ टक्का परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते. आयकर पोर्टलवर आपल्या पॅनखाली ती रक्कम जमा दिसते की नाही, हे त्याआधी तपासून घ्यावे.